नसलेली डिस्क

३ एप्रिल, गुरुवार

पोचले! आर्वीहून निघालेली एसटी आंजीला बराच वेळ उभी राहिली, तेवढ्यात शेजारच्या बाईनं टरबुजाची मोठी फोड हातात दिली आणि मी कुठल्या कामावर चालले ते सगळं काढून घेतलं. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत उतरले तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. तरी बॅग मिरवतच आले. ज्योत्स्ना मडावी, संगणक शिक्षिका. पहिली नोकरी.

रूपराव सरांचं घर खाली आहे. वर त्यांची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट आणि वर्गाला लागून माझी खोली. खोलीत कूलर आहे, खिडकीत कडुनिंब आहे, आणखी काय पाहिजे? सरांच्या बायकोनं, विमलाकाकूंनी, आल्या आल्या कोथिंबिरीची गरम सांबारवडी दिली. त्यांची मुलगी अंकिता बारावीची परीक्षा देऊन घरी आहे. गोड आहे, पण फार गप्प.

वर्गात सगळी जुनी मशीन आहेत, फक्त कोपऱ्यातलं एक नवं. सर म्हणाले, "हे तुयं. ह्याच्यावर तूच बसजो, दुसऱ्या कोणाले बसू देऊ नको." मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. आमच्याकडे मोहाची फुलं पडायला लागली आहेत, सगळं गाव पहाटेपासून टोपल्या घेऊन रानात असतं. आम्ही नेहमीसारखं गोंडीतच बोललो. कॉलेजात मुली हसायच्या, म्हणून मी फोनवर आणखी मोठ्यानं गोंडी बोलायची सवय लावून घेतली होती. ती इथंही चालू ठेवणार आहे.

५ एप्रिल

उन्हाळी वर्गात पोरांना विंडोजशिवायही काही शिकवावं म्हणून सरांकडे लिनक्सचा विषय काढला. त्यांना नाव नवं होतं, पण नाही म्हणाले नाहीत. जुनं राहू दे, बाजूला नवं टाक, एवढीच अट. मला तेच हवं होतं. मशीन सुरू करताना दोन्हीपैकी हवं ते निवडता येतं.

पेन ड्राइव्ह तयार केला, कोपऱ्यातलं मशीन त्यावरून सुरू केलं. भाषा विचारली, कीबोर्ड विचारला आणि कुठल्या डिस्कवर टाकायचं हे विचारायच्या पानावर सगळं कोरं. डिस्कच सापडत नाही म्हणे. विंडोज तर त्याच डिस्कवरून रोज सुरू होतं! दुसरा पेन ड्राइव्ह घेतला, लिनक्सची दुसरी आवृत्ती घेतली. पान कोरंच.

असलं काही अडलं की मला जेवण गोड लागत नाही. सापडेल. डिस्क काय पाय फुटून जाते?

७ एप्रिल

सापडली. मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क दिसत होती, म्हणजे बिघाड नव्हता. तिथं डिस्क वाचायची पद्धत अशी लावलेली होती की ती विंडोजला कळते, लिनक्सच्या पेन ड्राइव्हला कळत नाही. ती बदलायची तर विंडोजला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ते बंद पडतं. म्हणून पहिल्यांदा ते सेफ मोडवर लावलं, मग सेटिंग बदललं, मग विंडोज एकदा तसंच सुरू होऊ दिलं आणि पुन्हा नेहमीसारखं केलं. नीट चाललं. पेन ड्राइव्ह लावला आणि यादीत डिस्क आली.

दोन आल्या.

पहिली मशीनची. दुसरीला कंपनीचं नाव नाही. तिच्यात एक भाग भरलेला, पुढे सगळी राखाडी पट्टी, म्हणजे मोकळी जागा. सरांना विचारलं, दुसरी डिस्क कधी बसवली होती का? नाही म्हणाले. म्हणाले तसे लगेच खालीही गेले.

८ एप्रिल

आज पेचकस घेऊन मशीनचा डबा उघडला. धूळ काढली, एकेक वायर हातानं धरून पाहिली. आत एकच डिस्क आहे. ती काढून बाजूला ठेवली आणि पेन ड्राइव्हवरून सुरू केलं.

यादीत एक डिस्क आली. ती दुसरी. जी डब्यात नाही ती.

भरलेल्या भागावर नाव आहे: अनुप. उघडायला गेले तर पासवर्ड मागतो. माझ्या आधी इथं शिकवणाऱ्याचं नाव अनुप होतं, हे अंकितानं सांगितलं आणि सांगून झाल्यावर तोंडावर हात ठेवला. सर म्हणाले, "डोकं फिरलं त्याचं. नोकरी सोडून घरी गेला. तू तुयं काम कर."

काम तर करणारच. डिस्क परत बसवली, पहिल्या डिस्कवर विंडोजच्या बाजूला लिनक्स टाकलं, व्यवस्थित बसलं. पण दुसरीचा छडा लावल्याशिवाय मी काही हे मशीन सोडणार नाही.

१२ एप्रिल

पोरं खूश आहेत. काल एक्सेल फार छान शिकवलं म्हणाली. काल मी एक्सेल शिकवलं नाही. काल दुपारी मी कोपऱ्यातल्या मशीनपाशी बसले होते एवढं आठवतं, मग पाचची बॅच सुटताना जिन्यावर चपलांचा आवाज झाला तो आठवतो. फळ्यावर मात्र सगळं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

ऊन लागलं असेल. कांदा खिशात ठेवते उद्यापासून.

१५ एप्रिल

ऊन नाही.

माझ्या पर्समध्ये लवंगा निघाल्या. मला लवंगेचा वाससुद्धा चालत नाही, आणि माझी जीभ आत्ता चुरचुरते आहे.

दुपारी काकूंकडे बसले होते. बोलता बोलता त्या एकदम थांबल्या, माझ्या हाताकडे पाहत राहिल्या. मी नखानं टेबल वाजवत होते. दोन हलके, एक जोरात. मला कळलंही नव्हतं. काकू पांढऱ्या पडल्या. "असं काऊन वाजवून राह्यली, पोरी? असं तो वाजवत होता." मी विचारलं कोण, अनुप? तर उठून चुलीकडे गेल्या आणि परत वळून पाहिलं नाही.

तोही लवंग चघळायचा का, हे विचारायची गरज मला वाटली नाही.

१७ एप्रिल

बाबा फोनवर रागावले होते. काल मी त्यांच्याशी सगळं मराठीत बोलले म्हणे. आणि मधेच विचारलं, अहो, तुम्ही कोण बोलताय?

मी म्हटलं नेटवर्क नव्हतं, ऐकू येत नव्हतं. मग मुद्दाम गोंडीत बोलायला लागले. मोहाचं विचारायचं होतं, किती पडला, वाळत घातला का. मोहाला आमच्या भाषेत काय म्हणतात ते आठवेना. जिभेवर येणं वगैरे नाही. त्या जागी काहीच नव्हतं. दात पडल्यावर जीभ जाते तिथं, तसं. बाबांनीच तो शब्द म्हटला आणि मला तो नवा लागला.

फोन ठेवून वर्गात गेले, डिस्क पाहिली. अनुपच्या पुढे आता एक छोटा भाग आहे. त्यावर नाव आहे: ज्योत्स्ना.

बॅग भरली. मग बॅग परत उपसली. माझं काही घेऊन कुणी बसलं असेल तर ते तसंच टाकून मी पळायचं? का म्हणून?

१८ एप्रिल

आज काकूंना स्वयंपाकघरात अडवलं. म्हटलं, खरं सांगितल्याशिवाय दारातून हलणार नाही. त्या रडल्या. मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, उद्या माझ्याजवळ असेल नसेल.

"तो गेल्यावर ते मशीन रिकामं होतं. तर आमची अंकिता जाऊन बसाले लागली तिथं. नको म्हटलं तरी बसे. मंग ती मायं नाव विसरली. मले म्हणे, बाई, पाणी देता का. मंग तुया सरायनं तुले आणलं. तिथं दुसरं कोणी बसून राह्यलं का मंग अंकिताले सोडते ते. म्हणे लांबच्या गावची पोरगी आहे, इचाराले कोणी येत नाई."

मशीन फेकून का नाही दिलं, विचारलं. फेकलं होतं, म्हणाल्या. भंगारात दिलं होतं. अंकिता त्या रिकाम्या टेबलासमोर जाऊन बसली आणि बोटं चालवत राहिली. म्हणून परत आणलं.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन सरांसमोर उभी राहिले. म्हटलं, सर, विचारायला कोणी येत नाही असं तुम्हाला वाटलं ना? मी आले आहे. मीच विचारते. ते खुर्चीत बसून राहिले. एवढंच म्हणाले की त्यांना एकच मुलगी आहे.

माझ्या बाबांनाही एकच आहे.

२० एप्रिल

काकूंकडून पत्ता घेऊन नाचणगावला गेले. पुलगाव स्टेशनपासून ऑटो केला.

अनुप ओसरीत बसलेला होता. माझ्याच वयाचा. केस विंचरलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेली, ती त्याच्या आईनं लावलेली. डोळे उघडे. त्याच्यासमोर हात हलवला तर पापणी लवत नाही. त्याची आई, रुख्मामावशी, त्याला भात भरवत होत्या. घास आत गेला की गिळतो, नाही दिला तर मागत नाही. सगळे डॉक्टर झाले, नागपूर झालं. सगळे म्हणतात शरीरात काही दोष नाही.

मावशींनी विचारलं, तू त्याची कोण? मी म्हटलं, त्याच्या जागेवर मी आहे. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात. "त्याले घेऊन ये म्हणशील तिथं आणतो मी," म्हणाल्या. मी तर अजून काहीच म्हटलं नव्हतं.

येताना गाडीत मला माझं स्टेशन कुठलं ते आठवेना. बोर्ड वाचत बसले. वर्धा वाचलं आणि उतरले. वाचता येतंय तोवर चालेल.

२२ एप्रिल

जमलं!

सरांनी वर्गाच्या दाराला कुलूप लावलं होतं. काकूंनी त्यांच्या देखत ते उघडलं. पहिल्यांदाच असेल. मी बोलावलं होतं तसं मावशी अनुपला धरून वर आल्या. भर दुपार, कूलर चालू, खाली भाजीवाला ओरडत होता.

अनुपला माझ्या खुर्चीत बसवलं. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, त्याचा भाग उघडायला घेतला. पासवर्ड मागितला. मी त्याचे हात कीबोर्डवर ठेवले. मुडद्यासारखे थंड. मी म्हटलं, अनुप, तुझं आहे ते तू उघड. मग बोटं हलली. त्याची मान तशीच, डोळे तसेच, बोटं तेवढी टकटक चालली. भाग उघडला. आत काय होतं ते दिसलं नाही, मोजमापाची पट्टी मात्र सरसर उतरत रिकामी झाली.

अनुपनं पापणी हलवली. इकडे तिकडे पाहिलं. आणि म्हणाला, "माय, मले लय तहान लागली."

मावशींनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. काकू रडायला लागल्या. मी माठातून पाणी आणलं, तो तीन लोटे प्याला. सरांनी सगळं दारातून पाहिलं.

मग त्याला विचारलं, माझ्याकडे का येत होतास? त्याला काही कळेना. म्हणाला मी कुठंच गेलो नाही. मी खाली होतो. आणि माझ्या खालीही कोणीतरी होतं, ते माझे कपडे घालून वर जात होतं.

२३ एप्रिल

डिस्क पाहिली. अनुपचा भाग गेला. मग जागा वाढायला हवी ना? वाढली नाही. राखाडी पट्टी पुढे सरकली आहे आणि माझ्या भागाला भिडली आहे.

मी तिला मोकळी जागा समजत होते. ती मोकळी कधीच नव्हती. तिला नाव नाही एवढंच.

माझा भाग उघडायला घेतला. पासवर्ड मागितला. माझे सगळे पासवर्ड टाकले. कुठलाच चालला नाही. पासवर्ड माझा होता, पण तो आत गेलेल्या माझ्यापाशी आहे.

२५ एप्रिल

आज काय गेलं ते शोधत बसले. शाळेचं नाव आहे. शाळेची वाट नाही. आई गेली ते माहीत आहे, तिचा चेहरा फोटोतला आहे, फोटोबाहेरचा नाही.

फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं: जाऊ दे. माझ्या अक्षरात. मी पुसलं. जेवून आले तर पुन्हा. पुन्हा पुसलं. मग खडूच खिडकीतून फेकले.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एका शब्दानं खोटं म्हणाले नाहीत. उद्या पहिल्या गाडीनं निघतो, तू घरी चल, म्हणाले.

जाता येईल. मी गेले तर माझ्यातलं राहिलेलं वाचेल. पण आज जेवताना अंकितानं टेबल वाजवलं. दोन हलके, एक जोरात. काकूंचा घास हातातच राहिला. माझ्यात अजून सगळं झालं नाही तोच ते तिच्याकडे हात घालायला लागलं आहे. हावरट.

नाही. इथंच संपवते.

२६ एप्रिल, सकाळ

ठरलं. डिस्क पूर्ण पुसायची. नुसती मोकळी करणं नाही, तिच्या कणाकणावर शून्य लिहायचं. याला वेळ लागतो. मधे थांबवलं तर उपयोग नाही.

माझा भागही जाणार. अनुपनं फोनवर विचारलं, तुझं तुला परत कधीच मिळणार नाही, चालेल का? मी म्हटलं, माझी भाषा बाबांकडे आहे, गावाकडे आहे, रानात मोह वेचणाऱ्या सगळ्या बायांकडे आहे. ती अख्खी या डिस्कवर मावत नाही. बसेन त्यांच्यात, पुन्हा शिकेन. लहान पोरं शिकतातच.

डिस्कमधल्या त्याच्याकडे मात्र दुसरं काही नाही. जे चोरलं तेवढंच.

सर आले. काही आणू का, विचारलं. म्हटलं, तुम्ही फक्त अंकिताला धरून बसा. मी सांगेपर्यंत वर येऊ देऊ नका. ते काहीतरी म्हणणार होते. मी म्हटलं, सर, नंतर.

२६, दुपार

सुरू केलं. पट्टी सरकते आहे. वीज आहे, खाली यूपीएस आहे. डब्यातली डिस्क काढून ठेवली आहे, म्हणजे पुसलं जाईल ते फक्त —

खालून अंकिता ओरडते आहे. तिच्या आवाजात नाही. माझ्या आवाजात. ज्योत्स्ना थांब, म्हणते.

थांबत नाही.

२६

माझा उजवा हात माउसकडे गेला. ‘रद्द करा’च्या बटणावर. डाव्या हातानं मनगट ओढून आणलं. पुन्हा गेला.

ओढणीनं खुर्चीच्या दांड्याला बांधला आहे. दातानं गाठ मारली. डाव्या हातानं लिहिते. अक्षर वाकडं. असू दे.

बोटं ओढणीत वळवळतात. दोन हलके, एक जोरात. वाजव. किती वाजवायचं ते वाजव.

२६

शाळेचं नाव गेलं. आत्ता गेलं, लिहायला गेले आणि —

बरं. आणखी काय नेतोस? गावाचं? ने. बाबा एसटीत आहेत, ते मला गावात नेतील. नाव नंतर विचारेन.

पट्टी अर्ध्याच्या पुढे. राखाडी तुटतंय. त्याला दुखतंय. मला कळतंय कारण ते माझ्यातून कण्हतं आहे, माझ्या तोंडानं. कण्ह. लवंग मागू नकोस, मिळणार नाही.

२६

काकू जिन्यात. "अंकितानं मले आई म्हटलं, आई म्हटलं," ओरडताहेत. म्हणजे सुटली ती. सुटली!

आता फक्त मी आणि —

थोडं राहिलं. थोडंच.

आता लिहायला सोपं जातंय. ओळ सरळ येते आहे. डाव्या हाताचं माझं अक्षर एवढं सुबक कधीच नव्हतं, आणि थकलीस, ज्योत्स्ना, गाठ सोड, आपण दोघी बाजूबाजूला सुखानं राहू, एवढी जागा आहे, फक्त गाठ

नाही. हे मी नाही लिहिलं. वरचं खोडत नाही, बाबांना दिसू दे कसं बोलतं ते. हे मी लिहिते आहे. हे वाकडं. वाकडं ते माझं. जागा नाही. तुला जागा नाही, इथं मी राहते, पट्टी टोकाला आली आहे आणि मी गाठ सोडणार ना—